पाच नंबर बेडची बाटली

मी आयसीयूच्या दारातून आत पाऊल टाकलं की पंप दाबल्याचे आवाज सुरू व्हायचे. पहिल्या बेडपासून चौदाव्यापर्यंत जो तो सॅनिटायझर घेऊन हात चोळायला लागायचा. माझ्या हातात पॅड, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा निरीक्षणाचा तक्ता. त्यात हात स्वच्छ करायचे पाच क्षण असतात: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. मी मनापासून खुणा करत जायची. महिनाअखेरीला बेरीज केली की शंभरातले नव्वदच्या वर. सहा वर्षं तो आकडा मी कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात ट्रस्टचं रुग्णालय आहे, तिथे मी संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चुका आहेत, आणि त्यातल्या काही माझ्या आहेत.

एका पावसाळ्यात मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी मला लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. तिन्ही व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, तिघांच्याही श्वासनलिकेतल्या स्रावात असिनेटोबॅक्टर, आणि कुठलं अँटिबायोटिक चालतं, कुठलं चालत नाही याची यादी तिन्ही कागदांवर ओळीला ओळ सारखी. बेड नंबर चार, पाच, सहा. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, हा जंतू उडत नाही आणि चालतही नाही. त्याला कुणीतरी उचलून नेतं."

हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर दिवसच्या दिवस टिकतो. बेडचा कठडा, मॉनिटरचं बटण, सलाईनचा स्टँड, कुठेही. तिथून पुढच्या रुग्णापर्यंत जायला त्याला हात लागतो. आणि माझ्या कागदावर तर नव्वदच्या वर हात स्वच्छ होते.

मॅडमनी मला स्टोअरमध्ये पाठवलं. तोवर मी सॅनिटायझरच्या बाटल्यांचा हिशेब कधी पाहिलाच नव्हता, ते काम स्टोअरकीपरचं. जागतिक आरोग्य संघटनेचा एक साधा ठोकताळा आहे: दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) किमान २० लिटर हॅन्डरब, म्हणजे हातावर चोळायचं सॅनिटायझर, खर्च व्हायला हवा. आमचे चौदा बेड महिनाभर भरलेले धरले तर ४२० रुग्णदिवस होतात. म्हणजे ८.४ लिटर, अर्ध्या लिटरच्या सतरा बाटल्या. आणि हा किमान आकडा संपूर्ण रुग्णालयासाठी आहे, आयसीयूत एकेका रुग्णाला दिवसात कितीतरी वेळा हात लागतो, तिथे खप याच्या पुष्कळ पुढे असायला हवा. स्टोअरच्या संगणकावर आमच्या आयसीयूच्या नावे त्या महिन्यात नऊ बाटल्या गेल्या होत्या.

त्या आकड्याकडे बघत मी बराच वेळ उभी होते. सहा वर्षं मी मोजत होते ते माझ्यासमोर धुतलेले हात. टोरोंटोतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं: निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असला की पंप दाबण्याचं प्रमाण जवळपास तिपटीनं वाढतं. मी तो निबंध नंतर वाचला, पण त्यातली गोष्ट मला आयसीयूच्या दारातल्या आवाजानं आधीच सांगितली होती. मी ती ऐकली नव्हती.

मग यंत्राचा विचार सुरू झाला. न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयाचा २०१२ साली छापून आलेला अनुभव मॅडमनी कमिटीपुढे मांडला. तिथे आयसीयूत सिंक आणि सॅनिटायझरच्या जागी कॅमेरे लावले. पहिले सोळा आठवडे नुसतंच बघितलं, कुणाला काही सांगितलं नाही. तेव्हा प्रमाण शंभरात दहाच्याही खाली होतं. मग तेच आकडे लगोलग स्टाफला दाखवायला सुरुवात केली, आणि पुढच्या सोळा आठवड्यांत प्रमाण ८१.६ टक्क्यांवर गेलं. नुसत्या कॅमेऱ्यानं काहीही बदललं नव्हतं. आकडा काम करणाऱ्यापर्यंत पोचला तेव्हा बदललं. हे वाक्य मॅडमनी दोनदा उच्चारलं होतं. आम्ही ते एकदाही नीट ऐकलं नाही, असं मला आता वाटतं.

तीन-चार कंपन्यांचे लोक येऊन गेले. शेवटी व्यवस्थापनानं तीन महिन्यांच्या चाचणीसाठी एक व्यवस्था घेतली. प्रत्येक बाटलीखाली एक डबी बसवलेली, पंप दाबला की वेळेसकट नोंद व्हायची. प्रत्येक बेडच्या डोक्यावर छताला एक सेन्सर. आणि प्रत्येकाच्या गळ्यात बॅज. बॅज घातलेला माणूस बेडच्या कक्षेत शिरला आणि त्याआधी त्यानं पंप दाबलेला नसला, तर बॅज थरथरायचा आणि लाल व्हायचा. दाबलेला असला तर हिरवा.

पहिल्याच मीटिंगमध्ये इन्चार्ज सिस्टर उभ्या राहिल्या. बावीस वर्षं आयसीयूत काढलेली बाई. "आम्ही काय चोर आहोत का, गळ्यात घंटा बांधायला?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि मी तर त्यांच्याच बाजूची असायला हवी होते.

दुसऱ्या आठवड्यात नोटीस बोर्डावर यादी लागली. नावानिशी, वरून खाली. ती लावायचा निर्णय माझा नव्हता, पण प्रिंट माझ्या संगणकावरून निघाली होती. आठवडाभरात आकडे झपाट्यानं चढले. वर सगळे खूश. मी मात्र बाटल्यांखालच्या फरशीवर चिकट डाग बघत होते. बेडकडे जाता जाता पंप दाबायचा, अर्धं औषध खाली, अर्धं तळहातावर, आणि चोळायला वेळ न देता थेट रुग्णाला हात. हॅन्डरब वीस ते तीस सेकंद चोळावा लागतो, तो हातावर वाळेपर्यंत. यंत्राला त्या तीस सेकंदांचा पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी पंप दाबला म्हणजे हात स्वच्छ.

आणखी एक गोष्ट त्याला कळत नव्हती, ती जास्त गंभीर होती. एके दुपारी मी एका ब्रदरला काम करताना बघितलं. हुशार, मन लावून काम करणारा मुलगा. पंप दाबून, नीट हात चोळून तो बेडशी गेला. बॅज हिरवा. आधी त्यानं लघवीची पिशवी रिकामी केली, माप लिहिलं, ग्लोव्हज काढले. मग पाऊलही न हलवता, हातावर काही न घेता, त्याच रुग्णाच्या गळ्याजवळ मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, सेंट्रल लाइनच्या तोंडाला इंजेक्शन जोडलं. दूषित कामावरून थेट रक्तात जाणाऱ्या वाटेवर. पाच क्षणांतले सर्वात जोखमीचे दोन क्षण त्या दीड फुटात होते. बॅज हिरवाच राहिला, कारण तो बेडच्या कक्षेबाहेर गेलाच नव्हता. कक्षेत आलं-गेलं एवढंच त्या यंत्राला दिसायचं, कक्षेच्या आत हात कुठून कुठे गेला ते दिसत नव्हतं. ग्लोव्हज घातले की हात धुवायची गरज नाही हा समजही त्या मुलाच्या मनात पक्का होता, आणि तो एकटा नव्हता.

मग ती रात्र आली. नऊ नंबरच्या पेशंटला अरेस्ट आला, हृदय बंद पडलं. नाईटला एक नवीन मुलगी होती, नोकरीला लागून चार महिने झालेली. क्रॅश कार्टकडे पळ, औषध आण, परत पळ, सक्शन आण. पेशंट वाचला. सकाळी यादीत तिचं नाव सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, कारण तेवढ्या वेळात ती चाळीसेक वेळा कक्षेत आत-बाहेर झाली होती आणि प्रत्येक खेप चूक म्हणून नोंदली गेली होती. ती मला काही बोलली नाही. बॅज काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि चेंजिंग रूममध्ये जाऊन रडली.

त्या दिवशी मॅडमनी मला डॉ. इग्नाझ झेमेलवाइस यांची गोष्ट पुन्हा सांगितली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ती आम्ही सगळ्याच शिकतो: व्हिएन्नाचं रुग्णालय, १८४७ साल, शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतीच्या वॉर्डात येणारे विद्यार्थी, आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायचा त्यांना घालून दिलेला नियम. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठराच्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या, काही महिन्यांत तो आकडा दोनच्या आसपास आला. मॅडमना सांगायचं होतं ते वेगळंच. "आकडे त्यांच्या बाजूनं होते, सिस्टर. तरी लोकांनी ऐकलं नाही. तुमच्या हातांनी माणसं मेली, असं तोंडावर सांगितल्यावर कोण ऐकून घेईल?"

दुपारी आम्ही दोघी मेट्रन मॅडमकडे गेलो. यादी उतरवली. बॅज गोळा करून खोक्यात भरून ठेवले. बाटल्यांखालच्या डब्या मात्र राहू द्या, असं मी मागितलं. माणसाचं नाव नको, फक्त बेड नंबर आणि वेळ. ही परवानगी मिळवायला आणखी दोन मीटिंगा गेल्या, त्या मी इथे लिहीत नाही.

आणि मग डब्यांच्या नोंदींचा तक्ता माझ्याशी बोलायला लागला. उभ्या ओळी चोवीस तासांच्या, आडव्या ओळी चौदा बेडच्या. नावं काढून टाकल्यावर पहिल्यांदा मला त्यात काम दिसलं. पाच नंबरची ओळ दिवसरात्र फिकट होती. ड्युटीवर कुणीही असो, पाच नंबरला पंप दाबला जात नव्हता. चौघी वेगवेगळ्या सिस्टर एकाच बेडवर निष्काळजी होतात, असं कसं होईल?

मी जाऊन पाच नंबरपाशी उभी राहिले. या खेपेला पॅड नेला नाही. तो बेड खिडकीशी आहे. भिंतीच्या खांबामुळे व्हेंटिलेटर उजवीकडे उभा करावा लागतो, म्हणून सगळी कामं डावीकडून होतात. आणि बाटली उजवीकडे, व्हेंटिलेटरच्या मागे भिंतीला स्क्रूनं बसवलेली. मी डावीकडे उभी राहून स्वतः हात पुढे केला. बाटलीपर्यंत पोचायला बेडच्या पायथ्याला वळसा घालावा लागत होता, सात पावलं, आणि वाटेत कठड्याला आणि व्हेंटिलेटरच्या नळ्यांना हात लागल्याशिवाय राहत नव्हता. परत यायला आणखी सात. पाच मिनिटांत चार वेळा हे करणं कुणालाही जमणार नाही. त्या भिंतीवर ती बाटली लावताना जागा दाखवणारी मीच होते. तपासणीच्या वेळी दारातून नीट दिसावी म्हणून.

संध्याकाळपर्यंत मेंटेनन्सच्या माणसानं सलाईन स्टँडचा क्लॅम्प कापून एक कडी बनवून दिली. बाटली डाव्या कठड्याला, कोपराच्या उंचीवर लागली. दोन दिवसांत पाच नंबरची ओळ बाकीच्यांसारखी गडद झाली. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. जिनिव्हात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून जे केलं त्याच्या मुळाशीही हेच होतं: बाटली सिंकपाशी न ठेवता रुग्णाच्या उशाशी आणि स्टाफच्या खिशात. तीन वर्षांत तिथलं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. हे आकडे मी कितीतरी ट्रेनिंगमध्ये सांगितले होते. पण कोपरापासून बाटली किती लांब आहे, ते जाऊन बघितलं नव्हतं.

तक्त्यात आणखी एक फिकट पट्टा होता, या वेळी उभा. पहाटे पाच ते सात, जवळपास सगळ्या बेडवर. त्या दोन तासांत स्पंजिंग, चादरी बदलणं, रक्ताचे नमुने, एक्स-रे आणि सकाळच्या हँडओव्हरची तयारी, सगळं एकदम अंगावर येतं, आणि नाईटला माणसं सगळ्यात कमी. हे प्रत्येक सिस्टरला माहीत होतं. इन्चार्ज सिस्टरांनी दोनदा लेखी दिलं होतं. मेट्रन मॅडमनी तो तक्ता वर नेला, तेव्हा पहाटेसाठी एक मावशी वाढवून मिळाली आणि अर्ध्या बेडचं स्पंजिंग संध्याकाळवर गेलं. इतक्या वर्षांच्या तोंडी तक्रारीला जे जमलं नाही ते एका रंगीत कागदानं केलं, याचं मला वाईटही वाटलं.

मावशींवरून आठवलं. डब्यांबरोबर आम्ही एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि चमकणारं लोशन आणलं होतं. लोशन सॅनिटायझरसारखं हातावर चोळायचं, मग अंधारात टॉर्च मारायची. जिथे लागलं तिथे हात निळसर पांढरा उजळतो, जिथे राहिलं तिथे काळा. प्रत्येक शिफ्टला दहा मिनिटं ड्रेसिंग रूमचा दिवा घालवून आम्ही हा कार्यक्रम केला. डॉक्टर असो की वॉर्डबॉय, अंगठा जवळपास सगळ्यांचा काळा. बोटांची टोकं काळी. अंगठीखाली काळी कडी. नवीन लग्न झालेल्या एका सिस्टरच्या मनगटाला हिरव्या चुड्याखाली रुंद काळा पट्टा, तो बघून तिनं आपणहूनच बांगड्या ड्युटीपुरत्या काढून पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. तिला मी बांगड्यांबद्दल दोनदा बोलले होते आणि दोन्ही वेळा ती दुखावली होती.

आमच्या सर्वात जुन्या मावशी मात्र हात पुढे करेनात. मागे उभ्या राहिल्या. सगळे गेल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी पदराखालून हात काढले. बोटांच्या पेरांवर भेगा, दोन-तीन ठिकाणी लाल चिरा, तळव्याची कातडी पोपडे धरलेली. दिवसभर फिनेल आणि ब्लीचिंगचं पाणी. "सिस्टर, खरं सांगू का, तुमचं ते औषध लई झोंबतंय ओ. जीव जातो. म्हणून मी नाही लावत. बाटली दाबते नि पुसून टाकते." त्यांच्या पंपाची नोंद यंत्रात नियमित होती.

मी त्यांचे हात हातात घेऊन बघत राहिले. दहा वर्षं या बाईंना मी हात धुवायला सांगत होते आणि त्यांचे हात कधी पाहिले नव्हते. त्यांना त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. सफाईसाठी जाड, कोपरापर्यंतचे रबरी ग्लोव्हज मागवले. साबणानं हात धुतल्यावर लगेच वर सॅनिटायझर घेऊ नये, त्यानं कातडी जास्त फाटते, हे मावशींनाच काय, निम्म्या स्टाफलाही कुणी सांगितलं नव्हतं. हात दिसायला मळलेले असले, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा अल्कोहोलला न जुमानणारा जंतू असला, तर साबण-पाणी. एरवी हॅन्डरब पुरे. आणि हॅन्डरबही बघून घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं ते हाताच्या कातडीसाठीच. स्वस्तातला माल घेताना तेवढंही बघितलं जात नव्हतं. आता खरेदीच्या कागदावर मी सही करण्याआधी तीन मावशी आणि तीन सिस्टर तो आठवडाभर वापरून बघतात.

राहिले राऊंडचे डॉक्टर. तक्त्यात सकाळी दहाची वेळ फिकट, आणि सिनिअर सरांना कोण बोलणार? तोडगा इन्चार्ज सिस्टरांनी काढला, त्याच सिस्टर, ज्या पहिल्या दिवशी घंटेवरून उभ्या राहिल्या होत्या. राऊंड सुरू झाला की त्या बाटली घेऊन पुढे चालतात आणि हळदीकुंकवाला अत्तर लावावं तसं प्रत्येक बेडशी एकेकाच्या पुढे धरतात. "सर, हात." सर बोलता बोलता हात पुढे करतात. दुसऱ्या महिन्यात एका सरांनी स्वतःच खिशात बाटली ठेवायला सुरुवात केली.

जंतू कमी झाले का, असं मला विचारतात. चार-पाच-सहासारखी ओळ पुन्हा लागलेली नाही. पण त्याच काळात आम्ही सक्शनची पद्धतही बदलली, कठडे पुसायचं वेळापत्रकही बदललं, त्यामुळे एका आयसीयूच्या एका वर्षावरून मी श्रेय कुणा एकाला देणार नाही. स्टोअरमधून आता महिन्याला वीसच्या पुढे बाटल्या जातात आणि खालच्या फरशीवर डाग नसतात, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

मागच्या महिन्यात सकाळी मोबाइलवर तक्ता उघडला, तर पाच नंबर रात्री दोनपासून कोरा. माझ्या छातीत धस्स झालं. तशीच आयसीयूत गेले. डबीची बॅटरी संपली होती. बाटलीवर मायक्रोपोरची एक लांब पट्टी चिकटवलेली, त्यावर बॉलपेननं तास लिहिलेले आणि पुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. नाईटची सिस्टर म्हणजे तीच मुलगी, जिनं माझ्या टेबलावर बॅज ठेवला होता. "सिस्टर, डबी बंद पडली, मग म्हटलं तुमचा आकडा चुकायला नको." चार ते पाचच्या पुढे एकही रेघ नव्हती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सहा नंबर अरेस्ट." मी ती पट्टी उचकटून माझ्या रजिस्टरमध्ये त्या तारखेच्या पानावर लावली आणि नवीन बॅटरी आणायला स्टोअरमध्ये गेले.